एकदा पडलेलं हेल्मेट

युलिदारचा दिवस चिकट तांदळाच्या वाफेनं सुरू व्हायचा आणि पाठीच्या कळेनं संपायचा. पायाकुम्बू शहरातल्या त्या गल्लीत बातियाह, म्हणजे तांदळाच्या तळलेल्या चकत्या, करणारी घरं बरीच होती आणि प्रत्येक घरातल्या बाईची पाठ तशीच दुखत होती, म्हणून कुणी कुणाला सांगत नसे. भात गरम असतानाच साच्यात थापायचा. बोटं भाजतात म्हणून थांबायचं नाही, कारण एकदा का भात गार झाला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मग त्या गोल चकत्या बांबूच्या तट्ट्यांवर पसरून उन्हात ठेवायच्या. ढग आले की तट्टे आत, ढग गेले की बाहेर. वाळल्या की तळायच्या आणि वरून गुळाच्या पाकाची नक्षी सोडायची. खाणारा दोन घासांत संपवून बोटं चाटतो. करणारी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफेसमोर उभी.

असेच एकदा ती तट्टे बाहेर काढत असताना तिचा थोरला भाऊ मोटरसायकलवरून आला. त्याचं नाव युस्मेन, पण ती त्याला उदा म्हणे, म्हणजे दादा. तिची मुलगी झिक्रा त्याला माक दांग म्हणे, म्हणजे थोरला मामा. आणि मैदानावरची माणसं नुसतं दांग. तरुणपणी तो शर्यतीतला घोडेस्वार होता. आता कंबर एका बाजूला खाली घालून चालायचा आणि मैदानाजवळच्या पागेत बुंगसू नावाची एक म्हातारी घोडी सांभाळायचा. त्याच्या पोटाशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"युल, आधी हात पूस," तो म्हणाला. "हात पुसल्याशिवाय शिवायचं नाही."

"कोंबडी असेल तर मागच्या दारानं ने. इथं तट्टे मांडलेत."

"कोंबडी! तुझ्या डोक्यात चुलीपलीकडचं काही शिरेल तर शपथ." त्यानं कापड सोडलं. "ओळख बघू."

आतून एक हेल्मेट निघालं, घोड्यावर बसणाऱ्याचं. काळे, तांबडे, पिवळे पट्टे, लग्नघराच्या दारात निशाण उभारतात त्या रंगांचे. वरून काचेसारखी चकाकी. युलिदारनं ते उलटं केलं आणि हनुवटीचा चामडी पट्टा पाहिला. पट्ट्याला मधोमध एक गाठ होती. ती गाठ तिच्या ओळखीची होती.

"हे तुझं?"

"मग कुणाचं? आंतोकडून रंगवून घेतलं. तो टाक्या रंगवतो ना मोटरसायकलींच्या, तो. आतून पेट्रोलनं पुसलंय, वासाचं नाव नाही. झिक्राला देणार. रविवारी दोर सोडायचा, त्याच्या आधी गुरुवारी संध्याकाळी दुआ करू, चार माणसं जेवतील, आणि मी माझ्या हातानं तिच्या डोक्यावर ठेवीन."

युलिदारनं एक तट्टा उगाचच सरळ केला.

रमजान उलटल्यापासून झिक्रा मामाच्या घोडीवर बसायला शिकत होती. तेरा वर्षांची पोर. पहिल्या दिवशी घरी आली ती मांड्या चोळत आणि हसत. आत्तापर्यंत घोडीच्या मोहरकीला लांब दोर लावून मामा बाजूनं चालायचा आणि झिक्रा वर बसायची. मैदानातल्या खुंटीवरचं, सगळ्यांच्या घामाचं हेल्मेट ती घालायची. पण दोर सोडायच्या दिवशी डोक्यावर स्वतःचं हेल्मेट हवं, आणि ते मामानं द्यायचं, अशी त्या मैदानाची रीत. त्या मुलखात बहिणीचं मूल हेच मामाचं मूल. त्याची स्वतःची दोन्ही मुलं त्यांच्या आईच्या घरची, आणि ती कधीच जाकार्ताला पोट भरायला निघून गेलेली. जे काही त्याचं म्हणून मागं राहणार होतं ते झिक्राकडे जाणार. आणि त्याच्याकडे देण्यासारखं होतं तरी काय? एक म्हातारी घोडी आणि हे हेल्मेट.

हेल्मेटची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. शर्यतीत उदाचा घोडा कठड्यावर गेला आणि उदा डोक्यावर आपटला, तोही लाकडी खांबावर. माणसं धावली ती तिरडीच्या तयारीनंच. तर हा उठून बसला आणि त्यानं चहा मागितला. कंबर कायमची गेली, पण डोकं शाबूत. तेव्हापासून लोक म्हणत, या टोपीत तुआह आहे, बरकत आहे. उदानं पुन्हा ती घातली नाही. घराच्या मधल्या खांबाला टांगून ठेवली.

युलिदार तेव्हा लग्नाची होती आणि कठड्याशीच उभी होती. लोक चहाची गोष्ट सांगत. तिला तो आवाज आठवे. नारळ फोडताना येतो तसा.

*

युलिदारचा नवरा हेन्द्री अंड्यांची गाडी घेऊन पेकानबारूला जायचा आणि सकाळी रिकामे ट्रे घेऊन परतायचा. बायकोच्या घरात राहणारा जावई. सासरच्यांनी त्याला जन्मनावानं हाक मारायची नाही, म्हणून उदा त्याला सुतान म्हणे. नाव राजाचं आणि अधिकार पाहुण्याचा, असा तो मामला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात ट्रे निवडत बसला होता आणि युलिदारनं त्याच्यासमोर चहा ठेवला.

"तुम्ही बोला उदाशी."

"मी?" हेन्द्री खरोखरच दचकला. "युल, तुमच्या घरात मी बुंध्यावरची राख. वारा आला की गेली."

"ही राख दिवसातून दोनदा चहा मागते."

"चहा मागणं वेगळं आणि मामाच्या भेटीला नाही म्हणणं वेगळं. आपलं मोटरसायकलचं हेल्मेट आहे की. चांगलं जाड आहे, सरकारी छापाचं. तेच घालू दे तिला. कुणाचंच मन मोडायला नको."

"घालून पाहिलं तिनं काल. मान अशी डुगडुगत होती, बोहल्यावरच्या म्हाताऱ्या नवऱ्यासारखी. कानांवर येतं, मागचं ऐकू येत नाही, वाकली की मानेत रुततं. ते गाडीसाठी केलेलं आहे, घोड्यासाठी नाही."

"मग उदाचंच घालू दे. फुटलेलं तर नाही ना कुठं?"

"रंगाखाली काय आहे ते कुणाला दिसतंय? मी तो आवाज ऐकलाय हो."

हेन्द्री पुन्हा ट्रे निवडू लागला. हातातला कागदाच्या लगद्याचा ट्रे त्यानं उजेडाकडे धरला आणि बाजूला टाकला.

"तो का टाकलात? चांगला तर दिसतोय."

"पडलाय हा. घाटात वरची चळत कोसळली होती. अंडी वाचली, पण ट्रे गेला. एकदा दबला की दबला. पुढच्या वेळी दाबायला त्यात काही उरत नाही, सगळा मार अंड्यावर." बोलता बोलता तो थांबला आणि त्यानं बायकोकडे पाहिलं.

"हेच," युलिदार म्हणाली. "अगदी हेच त्याला सांगा."

"ट्रेबद्दल सांगेन. हेल्मेटबद्दल नाही."

"घोड्यावर अंडी बसणार आहेत का?"

"युल, जावयानं मामाशी सरळ बोलायचं नसतं. आडून बोलायचं असतं. शहाण्या माणसाला कळतं."

"आणि नाही कळलं तर?"

हेन्द्रीनं चहा संपवला. रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाला आणखी किती टोचायचं? ती उठली. पुढचा भात शिजत आला होता.

*

बुधवारी शाळा सुटल्यावर युलिदार झिक्राला घेऊन मिनीबसनं बुकितिंग्गीला गेली. कामाचा अर्धा दिवस बुडाला. बसमध्ये तिला डोळा लागत होता आणि प्रत्येक वळणावर दचकून जाग येत होती.

दुकान घोडागाड्यांच्या तळाजवळ होतं. दारात चामड्याचे पट्टे लोंबत होते, आत खोगिरं, रिकिबी, घुंगरं. मालकीण लेस्मी, आडव्या बांध्याची, चष्मा कपाळावर चढवलेला.

"कुणासाठी?" तिनं विचारलं.

"हिच्यासाठी, उनी," युलिदार म्हणाली. उनी म्हणजे ताई. "पहिलंच आहे, रविवारी लागेल."

"पडलीय का अजून?"

"नाही!" युलिदारला ते इतकं लागलं की आवाज चढला.

"मग पडेल. अहो, अशा बघू नका माझ्याकडे. न पडता कोण शिकलंय? म्हणून तर दुकान चालतं." लेस्मीनं चष्मा नाकावर घेतला. "ये गं, बस इथं."

झिक्रानं आत येतानाच एक जांभळं हेल्मेट हेरून ठेवलं होतं, बाजूनं चमचम करणारं. तिनं ते उचललं आणि आरशात बघून मान तिरकी केली.

"थोडं मोठंच द्या," युलिदार म्हणाली. "वाढत्या अंगाची आहे."

"अंग वाढेल. डोकं केवढं वाढणार आहे? चप्पल मोठी घेतलीत तर फार तर पाय घसरेल. हे मोठं घेतलंत तर घोडा दुडक्या चालीला लागला की डोळ्यांवर येईल, आणि पोर जमिनीवर पोचायच्या आधी हे दुसरीकडे पोचेल. मुलांचं सगळं मोठं घ्यायचं, ही आपल्या बायकांची खोडच आहे. मीही माझ्या लेकाला असले बूट घेतले होते की त्यात मांजर व्याली असती."

झिक्रा खुदकन हसली. लेस्मीनं टेप काढली आणि भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवली. मग जांभळं हेल्मेट डोक्यावर ठेवलं. ते टोपलीसारखं वरच बसलं.

"अंबाडा कुठं बांधलायस? डोंगरावर?"

"शाळेत असाच बांधतात," झिक्रा म्हणाली.

"आणि हिजाबच्या आत ही जाड टोपी. रविवारी हीच घालणार?"

"नाही, पातळ. जाडीत उकडतं."

"मग आपण हे आत्ता कशावर बसवतोय गं? चल आत."

दुकानामागच्या खोलीत कोंड्याची पोती होती. पुढं एक गाडीवान लगाम पारखत उभा होता. लेस्मीनं त्याला ओरडून सांगितलं, "काका, दाराकडे तोंड करून बसा, लगाम पळून जात नाही," आणि मधला पडदा ओढला. झिक्रानं हिजाब काढला, जाड टोपी काढली, अंबाडा सोडून मानेशी वेणी घातली आणि आईच्या पिशवीतला पातळ रुमाल बांधला. तो रुमाल पिशवीत आहे याचं युलिदारलाच नवल वाटलं. कधी टाकला ते तिला आठवेना. आता जांभळं हेल्मेट गोल गोल फिरू लागलं.

"पाहिलंत? एक माप लहान लागतंय. असंच नेलं असतंत आणि रविवारी पातळ रुमालावर घातलं असतं तर संपलं होतं."

लहान माप आणलं. झिक्रा म्हणाली, छान बसलं. लेस्मीनं ते काढू दिलं नाही. "राहू दे डोक्यावर. चहा पिऊ." तिघींनी पोत्यांवर बसून चहा घेतला. अर्धा पेला झाला नाही तोच झिक्रा कानशिलाकडे हात नेऊ लागली.

"टोचतंय?"

"नाही... थोडं."

"थोडं म्हणजे उद्या डोकेदुखी, आणि परवा तू पट्टा सैल सोडणार. तुझं डोकं लांबट आहे, हे गोल डोक्याचं."

मग करड्या रंगाचं एक निघालं, पावसाच्या ढगासारखं, ना नक्षी ना चकाकी. झिक्राचं तोंड पडलं. पण ते बसलं. लेस्मीनं तिला हो म्हणायला लावलं, नाही म्हणायला लावलं, खाली वाकायला लावलं. तिनं हेल्मेट धरून हलवलं तर कपाळाची कातडी आणि भुवया त्याच्याबरोबर हलल्या. "हे असं हवं. आतून सगळीकडून धरलं पाहिजे, पण चावलं नाही पाहिजे." हनुवटीखाली पट्टा लावून तिनं त्यात एक बोट घातलं. दुसरं जाईना. "बास."

युलिदारनं ते हातात घेतलं. आतला पांढरा थर्माकोल अंगठ्यानं हलकेच चाचपला. मग, सहज विचारल्यासारखं, तिनं विचारलं, "उनी, एखादं जुनं असेल. एकदा पडलेलं, पण वरून न फुटलेलं. ते चालतं?"

"किती जोरात पडलेलं?"

"माणूस वाचला त्यात."

"मग त्याचं काम झालं. त्यातलं हे पांढरं दबतं म्हणून माणूस वाचतो. दबलेलं पुन्हा फुगत नाही."

"वरून रंगवलेलं असेल तर? आणि आतून पेट्रोलनं पुसलेलं?"

लेस्मीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "पेट्रोलनं थर्माकोल विरघळतो, ठाऊक आहे ना? ते भिंतीला टांगा, पाहुण्यांना दाखवा. मुलीच्या डोक्यावर नको."

झिक्रा ऐकत होती. परतीच्या बसमध्ये तिनं विषय काढला.

"माक दांगना कळेल, अमा."

"कळणारच आहे."

"मग मी रविवारी त्यांचंच घालते ना. एकच दिवस. नंतर हे."

"एका दिवसात पडता येत नाही का?"

"त्यांनी आंतोकडे तीनदा खेपा घातल्या, रंग जमत नव्हता म्हणून. ते हेल्मेट बघितलं की माणसं त्यांच्या शर्यतीच्या गोष्टी काढतात. मग ते असे ताठ बसतात. तू पाहिलं नाहीस त्यांना मैदानावर."

युलिदारनं डोळे मिटले. पोरीला रंगाचा सोस असेल असं तिला वाटलं होतं. सोस असता तर सोपं होतं, ओरडून गप्प करता आलं असतं.

*

गुरुवारी संध्याकाळी चटया अंथरल्या. गल्लीतले दोन-तीन वडीलधारे आले, उदानं दुआ म्हणवली. युलिदारनं दिवसभर बातियाह करून वर रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, रांधलं होतं आणि तिच्या हातांना गुळाचा आणि मिरचीचा एकत्र वास येत होता. जेवणाआधी उदानं झिक्राला पुढं बसवलं. दोन्ही हातांनी रंगीत हेल्मेट तिच्या डोक्यावर ठेवलं. ते भुवयांच्या खाली आलं.

"जरासं सैल आहे," उदा म्हणाला, खिशातला रुमाल घडी करून आत कोंबला आणि पुन्हा ठेवलं. "आता बघा! याच टोपीनं तुझ्या मामाला अल्लाच्या कृपेनं परत आणलं. आता तुला सांभाळील."

म्हातारे माना डोलवत होते. झिक्रा हसली, पण तिची नजर आईवर होती.

जेवताना हेन्द्रीनं घसा साफ केला. युलिदारच्या हातातला डाव थांबला.

"आमच्या धंद्यात, उदा," तो भाताकडे बघत म्हणाला, "एकदा मार खाल्लेला ट्रे असतो. त्यानं एकदा अंडी वाचवलेली असतात. त्याचे उपकारच. पण त्याच उपकारामुळे त्याच्यात पुन्हा अंडी भरायची नसतात. मी तर असा ट्रे मानानं बाजूला ठेवतो."

उदाचा हात भातात थांबला. मग त्यानं घास केला, तोंडात घातला, सावकाश चावला.

"सुतान, ट्रेची अडचण असेल तर सांग. माझ्या ओळखीचा एक जण आहे, नवेकोरे मिळवून देईल."

"मेहेरबानी, उदा," हेन्द्री म्हणाला आणि पाणी प्यायला.

उदाला कळलं होतं. युलिदारनं तो थांबलेला हात पाहिला होता. पण आडून आलेलं बोलणं आडूनच परतवायचं, ही त्याची रीत आणि तेवढा त्याचा मान. आता बोलायची पाळी तिची होती. वाक्य ओठावर होतं. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं रेंदांग मागितलं, दुसऱ्याला पाणी हवं होतं, आणि उठून, वाढून, परत येईपर्यंत तिच्या अंगातलं सगळं गेलं होतं. बोलायलाही जीव लागतो. तिनं भांडी गोळा केली.

*

रविवारी मैदानावर सकाळचं धुकं अजून गवतावर होतं. कठड्याशी नेहमीची माणसं अंडं फेटून घातलेला चहा घेऊन उभी होती. हेन्द्री गाडीवरून परतला नव्हता. कदाचित मुद्दाम, पण त्याचा तिनं विचार केला नाही. पहाटेचा भात तिनं शेजारणीवर सोपवला होता आणि तिच्या पिशवीत करडं हेल्मेट होतं. रंगीत हेल्मेट झिक्राच्या हातात होतं.

उदा बुंगसूला घेऊन आला. घोडी इतकी शांत होती की उभ्या उभ्या झोपली असावी.

"घाल," तो झिक्राला म्हणाला.

झिक्रा हलली नाही. युलिदारनं पिशवीतून करडं हेल्मेट काढलं.

"हे काय?"

"हेल्मेट."

"ते दिसतंय. माझं तिच्या हातात आहे."

"तुझं हातातच राहील. डोक्यावर हे जाईल."

कठड्याशी कुणीतरी चहाचा घोट घ्यायचा थांबला. उदाचा चेहरा आधी गोंधळला, मग आखडला.

"त्या टोपीनं मला वाचवलंय, युल."

"वाचवलंय. मी तिथंच उभी होते. तू कसा पडलास ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. मी तो आवाज ऐकलाय. त्या टोपीत जेवढं होतं तेवढं सगळं तिनं तुझ्यासाठी खर्चलं, उदा. काही शिल्लक ठेवलं नाही. पोरीसाठी त्यात आता काहीच नाही."

"चारचौघांत बोललीस."

"घरात बोलणार होते. रेंदांग वाढायचं होतं."

उदानं मैदानाकडे पाहिलं. तो बोलला तेव्हा आवाज खाली होता. "ठीक आहे. पोर तुझ्या घरची. तिच्या डोक्यावर काय घालायचं ते तू ठरव. पण घोडी माझी आणि दोर माझ्या हातात. दुकानातल्या टोपीवर मी दोर सोडणार नाही."

त्यानं झिक्राच्या हातातून रंगीत हेल्मेट घेतलं आणि कठड्याच्या खांबावर ठेवलं. झिक्रानं करडं घातलं, स्वतःच पट्टा लावला, स्वतःच बोट घालून बघितलं, आणि रिकिबीत पाय ठेवून वर बसली. तिचे डोळे भरले होते, पण ती ते पुसायला हात काढेना, कारण लगाम सोडायचा नाही असं मामानंच शिकवलं होतं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. उदा दोर धरून पुढं, घोडी मागं, वर रडवेली पोर. एक फेरी झाली, मग आणखी एक. धुकं गेलं, ऊन आलं. उदाची कंबर प्रत्येक पावलाला जास्त खाली जात होती, पण तो थांबेना.

"दांग!" कठड्यावरून हाक आली. "उसाचा चरक लावलाय काय? रस कधी निघायचा?"

"त्या चरकाला रेडा जुंपतात," दुसरा म्हणाला, "इथं घोडी मागं आणि मालकच जुंपलाय."

हसणं झालं. उदानं ऐकलं न ऐकलंसं केलं. युलिदार कठड्याला टेकून उभी होती. ज्याच्यासाठी ती भांडली ते तिला मिळालं होतं: पोरीच्या डोक्यावर नीट बसलेलं हेल्मेट, आणि वर दोरही. याहून सुरक्षित काय असणार? आजच्या दिवसापुरतं हेच बरं, असं तिला वाटलं, आणि लगेच वरचा तो ओला चेहरा तिच्यासमोरून गेला. तिनं नजर वळवली. झोप येत होती.

पुढच्या फेरीला उदा तिच्यासमोर येऊन थांबला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"धर," त्यानं दोर पुढं केला.

"मी? मला घोड्याची भीती वाटते, तुला माहीत आहे."

"एवढं सगळं कळतं तर तूच धर. माझी कंबर मोडली."

तो खरंच कठड्याशी जाऊन बसला. दोर तिच्या हातात. त्याला उदाच्या हाताची ऊब होती. घोडीनं तिच्या खांद्याजवळ एक मोठा उच्छ्वास टाकला आणि युलिदारचे पाय आपोआप चालू लागले, कारण थांबण्यापेक्षा चालणं कमी भीतीचं वाटलं. अर्धं मैदान त्या दोघी तशाच गेल्या, आई पुढं, मुलगी मागं, उंच.

"अमा," झिक्रा वरून म्हणाली. "सोड ना."

"मामा नाही म्हणालाय."

"त्यांनी दोर तुला दिलाय."

युलिदार थांबली. घोडीही थांबली. तिनं वर पाहिलं. हेल्मेट कपाळावर सरळ बसलं होतं, इतक्या फेऱ्यांनंतरही जागचं हललं नव्हतं. खाली मुलीचे डोळे, ते तर किती वेळापासून तिच्याकडे बघत होते. युलिदारला जे जे करता येण्यासारखं होतं ते तिनं केलं होतं. भावाशी भांडून झालं, दुकान झालं, रुमालसुद्धा नेला. पुढचं तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात फक्त हा दोर होता.

"पडलीस तर?"

"तर पडेन."

मोहरकीखाली दोराची कडी होती. युलिदारनं ती दाबली, ओढली, अंगठ्यानं ढकलली. साच्याच्या चटक्यांनी तिच्या बोटांना धड जोर राहिला नव्हता. कडी निघेना. घोडी मान खाली घालून वाट बघत राहिली, आणि मैदानावरचे सगळे बघत राहिले.

"उलटी फिरते ती," उदा कठड्यावरून ओरडला.

तिनं उलटी फिरवली. निघेना. मग मागून पावलं ऐकू आली, एक जड, एक हलकं. उदानं काही न बोलता तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, दाबला आणि वळवला. कडी सुटली. दोर गवतावर पडला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, झिक्राकडेही नाही, फक्त घोडीच्या मानेवर एक थाप मारली आणि बाजूला झाला.

बुंगसू जागची हलली नाही.

"चल ना गं," झिक्रा म्हणाली.

बुंगसूनं कान मागं केले, विचार केला, आणि दोन पावलं टाकून गवत खायला लागली. कठड्यावर हशा पिकला. "शर्यत सुटली!" कुणीतरी म्हणालं. झिक्राही हसली, नाक ओढत, आणि तिनं लगाम उचलून दोन्ही टाचा लावल्या. घोडीनं म्हाताऱ्या बाईसारखा सुस्कारा सोडला आणि चालू लागली.

"टाचा खाली!" उदाचा आवाज फुटला. "माझ्याकडे काय बघतेस? तिच्या कानांच्या मधून पुढं बघ! पाठ! पाठ सरळ!"

झिक्रा लांब जाऊ लागली. युलिदार तिच्या बाजूनं चालत राहिली, आधी जवळून, मग थोडी मागं, मग बरीच मागं. हातात काही नव्हतं तरी मूठ तशीच वळलेली होती.

"तू कुठं निघालीस?" उदा मागून म्हणाला. "घोडीबरोबर चालत बसणार आहेस का दिवसभर? बस खाली. पडली तर इथूनही दिसेल."

ती थांबली. पाठ दुखत होती, गवत ओलं होतं. ती तिथंच बसली. भीती काही कमी झाली नव्हती. फक्त आता तिला बसून भिता येत होतं. लांबवर करडा ठिपका वळणाला लागला, आणि ती त्याच्यावरून डोळे न काढता, मान वळवत राहिली.